फ्रान्सच्या कालव्यांवर आठवडाभर: हॉटेल-बार्ज घ्यावी की बोट आपणच चालवावी?

अबोली_कोथरूड · सोमवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी लग्नाला २५ वर्षं होतायत. "दहा दिवसांत सात देश" प्रकार एकदा करून झालाय. त्यातलं मला बसच्या पुढच्या सीटचं कव्हर तेवढं नीट आठवतं. त्यामुळे या वेळी एकच जागा, सावकाश. फ्रान्सच्या खेड्यांमधून कालव्यांवर बोटीने आठवडाभर राहता येतं असं वाचलं, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, नणंद, नंदावा, सासूबाई (वय ७४, गुडघे कुरकुरतात पण जिने चढतात) आणि लेक (१९). चौघं शाकाहारी, त्यात सासूबाईंना अंडंही चालत नाही. नंदावा वाइन घेतात, बेतानेच, असं त्यांचं म्हणणं.

तर प्रश्न असा की आचारी-कप्तानासकट मिळते ती हॉटेल-बार्ज घ्यावी, की छोटी बोट भाड्याने घेऊन आपणच चालवावी? ह्यांना अर्थातच चालवायची आहे. ह्यांनी आजवर चालवलेली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे क्वालिस. शिवाय दक्षिणेकडचा कॅनाल द्यू मिदी हा कालवा बरा की पूर्वेकडचा बर्गंडी प्रांत? कुणी केलंय का?

पिठलंभाकरी · सोमवार, सकाळी १०:३१

कालव्याकाठी सुट्टी? मी दांडेकर पुलाजवळ लहानाचा मोठा झालो. आम्ही रोजच सुट्टीवर होतो म्हणायचे. २०१८ च्या सप्टेंबरात तर मुठा कालवाच फुटून आमच्या गल्लीत आला. बोट तेवढी नव्हती.

मांडवीकर · सोमवार, सकाळी ११:०५

अबोलीताई, "बार्ज" वाचून दचकलो. आमच्याकडे बार्ज म्हणजे मांडवीतून लोहखनिज भरून मुरगावकडे जाणारी लाल धुळीने माखलेली अजस्र पेटी. खाणी बंद पडल्या तेव्हा कितीतरी बार्जी काठाला गंजत पडल्या होत्या. त्यात राहायला लोक पैसे देतात म्हणजे आमचं चुकलंच.

इंजिनरूम · सोमवार, दुपारी १:२०

मांडवीकर, तुम्ही थट्टेत म्हणालात पण गोष्ट खरी तीच आहे. फ्रान्समधल्या पुष्कळ हॉटेल-बार्जी मुळात मालवाहूच. कोळसा, धान्य, वाळू वाहायच्या. रस्ते आणि रेल्वेने धंदा खाल्ला, तेव्हा कुणी त्यात घर केलं, कुणी हॉटेल.

(मी ३१ वर्षं जहाजांवर इंजिनियर होतो, निवृत्त. लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

१८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने कायदा करून मुख्य कालव्यांच्या लॉकचं (दोन दारांमधली कोठी, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) माप ठरवून दिलं: ३८.५ मीटर लांब, ५.२ मीटर रुंद. मग बोटीही त्या मापाच्या झाल्या. तिकडच्या पेनिशची, म्हणजे मालवाहू बोटीची, रुंदी ५.०५ मीटर. म्हणजे लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नाही. ज्यांनी पार्किंगमध्ये आरसा घासलाय त्यांनी विचार करावा.

आता तुमच्यासाठी यातलं कामाचं. कॅनाल द्यू मिदी या कायद्याच्या दोनशे वर्षं आधीचा. त्याची जुनी लॉक साधारण ३० मीटरची. त्यामुळे पूर्ण लांबीची पेनिश तिथे जातच नाही, तिथल्या हॉटेल-बार्जी आखूड असतात. मोठ्या खोल्या, ऐसपैस बैठक हवी असेल तर बर्गंडी बघा. लहान बोट स्वतः चालवणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

ओटीवरचा · सोमवार, दुपारी ३:४८

हॉटेल-बार्जचे दर बघितले. माणशी चार-पाच हजार युरोंपासून पुढे, आठवड्याला. आणि त्या आठवड्यात बोट जाते किती? पन्नास ते शंभर किलोमीटर. एवढ्या पैशात आमच्या आजोबांनी काशी, रामेश्वर आणि दोन मुलींची लग्नं उरकली असती.

बाप्पा, अलेप्पीला जा. तेच पाणी, वर माशाचं कालवण.

नऊवारी · सोमवार, रात्री ११:४०

मी हॉटेल-बार्ज केली आहे, बर्गंडीत, आईबरोबर. आई तेव्हा ७१. सविस्तर लिहिते, कारण आधी मलाच असं कुणी सांगायला हवं होतं.

आम्ही आठ प्रवासी आणि पाच कर्मचारी. वान्देनेस गावाजवळून निघालो, उश नदीच्या खोऱ्यातून दिजाँकडे उतरलो. जेमतेम पन्नास-एक किलोमीटर, आणि पन्नासहून जास्त लॉक. सरासरी काढा, किलोमीटरला एक. ओटीवरचा यांना ते हास्यास्पद वाटेल. पण बोट लॉकमध्ये शिरली की तुम्ही सरळ काठावर उतरता, टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेवरून, पुढच्या लॉकपर्यंत चालत जाता आणि बोटीच्या आधी पोचता. आईला याचं फार कौतुक. "अगं, मी बोटीला हरवलं" असं रोज संध्याकाळी फोनवर मामाला सांगायची.

रोज एक फेरी व्हॅनमधून. टेकडीवरचं शातोनफ, फोंतने मठ (१११८ साली स्थापलेला, आत शिरलात की बोलावंसंच वाटत नाही), बोनचं रंगीत कौलांचं जुनं रुग्णालय. ते १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापलेलं. ओळीने खाटा, प्रत्येक खाटेला लाल पडदे. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या वेळी ससूनमध्ये पडदेही नव्हते."

आता खटकलेल्या गोष्टी. एक, वाइन पॅकेजमध्ये धरलेली असते. आम्ही दोघी पीत नाही, पैसे मात्र पिणाऱ्यांइतकेच. दुसरं जेवण. आचाऱ्याला आधी तीन मेल लिहिले होते, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. बिचाऱ्याने मनापासून केलं. पण तिकडची बरीच चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात, हे मला तिथे जाऊन कळलं. आईला मी सांगितलं नाही. इथे वाचत नाही ती, म्हणून लिहितेय.

आणि खोलीत जायचा जिना अरुंद आणि उभा होता. अबोली, सासूबाईंसाठी जिन्याचा फोटो मागवाच. संकेतस्थळावर जिना सोडून बाकी सगळ्याचे फोटो असतात.

अबोली_कोथरूड · मंगळवार, सकाळी ९:०२

नऊवारी, किती छान लिहिलंत. ससूनच्या पडद्यांपाशी मीही थांबले जरा.

सहा जणांचे हॉटेल-बार्जचे पैसे जोडले आणि ह्यांना चहा करून दिला. त्यानंतर बोलले.

तुलूझवासी · मंगळवार, दुपारी १२:३३

मूळचा साताऱ्याचा, विमानांच्या नोकरीमुळे अकरा वर्षं तुलूझमध्ये. ऑफिसातून घरी सायकलने येतो तो रस्ता कॅनाल द्यू मिदीच्या काठचाच, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच कबूल.

हा कालवा एका कर गोळा करणाऱ्याने बांधला. पिएर-पॉल रिके, बेझिए गावचा, मिठावरच्या कराचा ठेकेदार. चौदाव्या लुईची परवानगी १६६६ मध्ये, कालवा सुरू झाला १६८१ मध्ये. मधल्या काळात रिकेने स्वतःचा पैसा ओतला, कर्जात बुडाला आणि उद्घाटनाच्या काही महिने आधी, १६८० मध्ये गेला. तुलूझपासून तो नावाच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर. वाटेत कालवा समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवर चढतो, तिथे माथ्यावर पाणी आणायचं कुठून हा खरा प्रश्न होता. रिकेने काळ्या डोंगरातले ओढे वळवून नोरूझच्या खिंडीत आणले, तिथून पाणी दोन्हीकडे उतरतं. आमच्या सातारी भाषेत, पाणलोट ज्याला कळला त्याने कालवा केला.

आता व्यवहार. बोट चालवायला परवाना लागत नाही. भाड्याने देणारे अर्धा-पाऊण तास शिकवतात, तात्पुरतं कार्ड देतात, झालं. वेग मर्यादा ताशी ८ किलोमीटर. रात्री चालवायची नाही. दुपारी जेवायला लॉक तासभर बंद. हा फ्रान्स आहे, घाई केलीत तर लॉकवाला आणखी सावकाश जेवेल. १ मेला लॉक बंदच.

आम्ही दोन वेळा केलं. मित्रांची सहा जणांची बोट, सप्टेंबरात, आठवड्याला सुमारे अडीच हजार युरो, डिझेल इंजिनच्या तासांवर वेगळं. म्हणजे माणशी साडेचारशेच्या आत-बाहेर.

आता बायको-नवऱ्याचं. लॉकमध्ये वर चढताना एकाला आधी काठावर उतरून दोरखंड झेलावा लागतो, एक जण सुकाणूवर, एक जण मागच्या दोरावर. दोर खुंट्याला गाठ मारून बांधायचा नसतो, वेढा देऊन हातात धरायचा असतो. पाणी चढतं-उतरतं, बांधलात तर बोट लटकेल. मिदीची जुनी लॉक लंबगोल आहेत, भिंतीला बोट नीट चिकटत नाही, त्यामुळे पाणी आत घुसलं की ती फिरते. त्या तीन मिनिटांत आमच्या मित्राने बायकोला जे सुनावलं ते पूर्ण लॉकने ऐकलं. काठावर चार फ्रेंच म्हातारे वाइन पीत बसले होते, त्यांना मराठी येत नव्हतं पण सगळं कळलं.

पिठलंभाकरी · मंगळवार, दुपारी १२:५८

२५ वर्षांचा संसार लॉकमध्ये घालून बघायचा म्हणजे गुणवत्ता चाचणीच की. अबोलीताई, विमा त्याचाही काढा.

चक्रधर · मंगळवार, संध्याकाळी ७:१५

कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो: बोटच कशाला? कालव्याला लागून टोपाथ असतो. पूर्वी घोडे बोटी ओढायचे तो रस्ता. सायकल घ्या, सामान पुढच्या गावी पाठवा, रात्री एखाद्या घरगुती लॉजमध्ये. मी निव्हर्ने कालव्यावर ओसेरपासून दसीझपर्यंत असा गेलो, १७४ किलोमीटर, सहा दिवस, जागोजागी लोळत. मोर्वाच्या जंगलातली लाकडं पाण्यावर सोडून पॅरिसच्या चुलींपर्यंत पोचवायची, हा त्या भागाचा जुना धंदा. सार्दीला ओळीने १६ लॉक आहेत. मी शेजारून सायकलने जाताना एका बोटीला सकाळी नमस्कार केला, दुपारी जेवून झोपून उठलो, तरी ती तिथेच!

नऊवारी · मंगळवार, रात्री ८:०१

चक्रधर, त्या ७४ वर्षांच्या आहेत. सायकलवर बसवताय त्यांना?

चक्रधर · मंगळवार, रात्री ८:०९

इलेक्ट्रिक मिळते. बरं, राहिलं.

मृण्मयी_के · बुधवार, सकाळी ८:४४

व्हिसाचं कुणी काढलं नाही अजून, म्हणून. शेंगेनसाठी प्रत्येक रात्रीचा पत्ता मागतात. बोटीचा पत्ता काय द्यायचा म्हणून मी घाबरले होते. बुकिंगच्या कागदावर बोट घेण्याचं आणि परत देण्याचं ठिकाण, तारखा आणि सगळ्यांची नावं असली की चालतं, आमचं चाललं. नावं सगळ्यांची हवीत, नुसतं "सहा प्रवासी" नको. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, मोठ्यांना फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. मे-जूनला जायचं असेल तर अपॉइंटमेंटसाठी मार्चची वाट बघू नका.

आणि खाऊ! युरोपात दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. ताजा कढीपत्ताही नाही, झाडपाल्याला प्रमाणपत्र लागतं. मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, सुके मसाले खुशाल न्या.

अबोली_कोथरूड · बुधवार, सकाळी ९:२०

तूप नाही?? सासूबाईंना कोण सांगणार?

तुलूझवासी · बुधवार, सकाळी ९:४१

कढवा की तिथेच. सुपरमार्केटातलं बिनमिठाचं लोणी घ्या, पाकिटावर "दू" लिहिलेलं असतं. "दमी-सेल" म्हणजे खारट, ते नको. बोटीवर गॅसची शेगडी असते. आम्ही बोटीवर तूप कढवलं तेव्हा शेजारच्या बोटीतला जर्मन येऊन कसला वास म्हणून विचारून गेला. त्याला बेरीसकट पावाला लावून दिलं. दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन परत आला.

कुकर न्या, छोटा. पण पहिली शिट्टी व्हायच्या आधी शेजारच्यांना सांगून ठेवा.

मांडवीकर · बुधवार, सकाळी १०:१५

शाकाहारी सोडून बाकी दोघांना कास्तेलनोदारीला कासुले खाऊ घाला. पांढऱ्या घेवड्यासारखे दाणे, बदक आणि डुकराच्या सॉसेजबरोबर मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवतात. मी लिस्बनहून येताना मुद्दाम वाट वाकडी करून खाल्लं. त्यानंतर बोट नको, पलंग हवा.

रुमाली · बुधवार, दुपारी २:३०

माझा अनुभव कडू आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्गंडीचं बुकिंग होतं. त्या उन्हाळ्यात दुष्काळ, फ्रान्सभर शेकडो किलोमीटर कालवे बोटींना बंद केले होते. माथ्यावरचे तलाव आटले की लॉक चालवायला पाणीच उरत नाही. आमच्या बोटवाल्यांनी (नाव घेत नाही) निघायच्या पाच दिवस आधी कळवलं आणि भलत्याच कालव्यावर पाठवलं. पैसे परत मागितले तर "नैसर्गिक आपत्ती" असं कलम दाखवलं. पाणी नसलं तर काय, हे बुकिंग करताना लेखी घ्या. आणि जुलै-ऑगस्ट टाळा.

इंजिनरूम · बुधवार, संध्याकाळी ५:०५

रुमाली यांचा मुद्दा महत्त्वाचा. प्रत्येक वेळी लॉक उघडलं की एक अख्खी कोठी भरून पाणी वरून खाली जातं, ते पुन्हा वर येत नाही. कॅनाल द बुर्गोन्य, म्हणजे बर्गंडीचा कालवा, २४२ किलोमीटरमध्ये १८९ लॉक, माथा ३७८ मीटरवर. तेवढ्या उंचीवर उन्हाळ्यात पाणी पुरवणं म्हणजे गच्चीवरच्या टाकीवर अख्खी सोसायटी चालवण्यासारखं.

लॉकच नको म्हणून माणसांनी काय काय केलं त्याचंही उदाहरण देतो. आल्सास-लोरेन भागात आर्झविलेला १७ लॉकच्या जागी १९६९ मध्ये एक उतार बांधला. पाण्याने भरलेल्या हौदात बोट शिरते आणि अख्खा हौद आडवाच्या आडवा रुळांवरून वर-खाली जातो, ४४ मीटरहून जास्त. १७ लॉकना दिवस जायचा, हे काही मिनिटांत. मी तिथे दोन तास बसून होतो. बायको शेवटी रेल्वे स्टेशनवर जाऊन बसली.

ओटीवरचा · बुधवार, संध्याकाळी ५:३०

काकूंचं मत पटलं.

बटमोगरा · बुधवार, रात्री ९:५०

दक्षिणेकडे जाताय तर मार्सेयला एक दिवस काढा. ८ जुलै १९१०, सावरकरांची उडी. बेझिएहून रेल्वेने सहज होतं.

ओटीवरचा · बुधवार, रात्री ९:५८

सुरू झालं. आता दोनशे प्रतिसाद.

बटमोगरा · बुधवार, रात्री १०:०३

अहो बंदर बघा म्हटलं नुसतं!

नऊवारी · बुधवार, रात्री १०:१०

कृपया इथे नको. अबोलीचा धागा आहे, तिच्या सासूबाईंना तूप मिळेना झालंय, आधी ते बघा.

अबोली_कोथरूड · गुरुवार, सकाळी ११:२५

काल रात्री घरात परिषद झाली. हॉटेल-बार्ज बाद, पैशांनी आणि जिन्याने. स्वतः चालवायची तर नणंद म्हणते, दोर झेलणं वगैरे मी करणार नाही, मला पाण्याची भीती आहे. लेक करेल, पण तिची अट अशी की वायफाय हवं. म्हणजे लॉकला नवरा सुकाणूवर, मी आणि लेक दोरावर, नंदावा सूचना देणार. हे होणार नाही, हे मला आजच दिसतंय.

अजून दोन शंका. सासूबाई विचारतात, बोटीत संडास कसला? आणि कपडे कुठे वाळत घालायचे?

तुलूझवासी · गुरुवार, दुपारी १:१५

संडास कमोडच, पण बोटीतला. काहींना हाताने पंप मारावा लागतो. कागदाशिवाय काही टाकायचं नाही, तोही बेतानेच. तुंबला तर सहा जणांची सहल तिथेच संपते. पाण्याची टाकी असते, एक-दोन दिवसाआड बंदरात नळी लावून भरायची. डोक्यावरून अंघोळ करणाऱ्या बायका किती त्यावर ठरतं. कपडे डेकच्या कठड्यावर वाळत घालतात सगळे, चिमटे न्या. आमच्या मित्राचा एक टॉवेल अजून कालव्यात आहे.

आणि लॉकची भीती असेल तर ऐका, हे मी आधीच सांगायला हवं होतं. मिदीवर आर्झांपासून बेझिएपर्यंत ५४ किलोमीटरचा पट्टा आहे, त्यात एकही लॉक नाही. ग्रां बिएफ म्हणतात त्याला. रिकेने डोंगराच्या कुशीने समपातळी धरून कालवा वळवत वळवत नेलाय. बोट त्याच पट्ट्यात घ्यायची, त्याच पट्ट्यात परत द्यायची. दोर लागतो तो फक्त रात्री काठाला बांधायला.

आठवड्यात ५४ जाऊन ५४ येऊन होतं, रोज तीन-चार तास चालवून. वाटेत ल सोमाय, एक कमानी पूल, जुन्या पुस्तकांचं मोठं दुकान, झाडाखाली खुर्च्या. कापेस्तांचा पूल बुटका आहे, "डोकी खाली!" असं ओरडायला लेकीला बसवा. सकाळी गावात सायकलने जाऊन पाव आणायचा, एवढंच दिवसाचं टाइमटेबल.

एकच गोष्ट लक्षात ठेवा, बोट झाडाला बांधायची नाही. दोन्ही काठांना चिनाराच्या कुळातली प्लेन झाडं आहेत, ४२,००० होती. २००६ पासून त्यांना बुरशीचा रोग लागलाय, दोर आणि बोटी मुळांना घासून तो पसरतो. हजारो झाडं तोडली, नवी लावतायत. काही ठिकाणी जुन्या फोटोतली ती हिरवी कमान आता मिळणार नाही. टोप्या न्या.

इंजिनरूम · गुरुवार, दुपारी २:४०

ग्रां बिएफ! उत्तम सूचना, ही मला सुचायला हवी होती. त्याच पट्ट्यात रेप्युद्रचा पूल आहे, १६७६ चा. कालवा पुलावरून जातो आणि ओढा खालून. पाण्यावरून पाणी, आणि त्यावर तुम्ही चहा घेत. पुढे मालपासचा बोगदा, १६७९, साधारण १६५ मीटर. बोटींसाठी खणलेला युरोपातला पहिला. त्याच टेकडीच्या पोटातून खाली रेल्वेचा बोगदा जातो, आणि मोंतादीचं तळं आटवायला मध्ययुगात खणलेला पाण्याचा मार्गही. एका टेकडीला तीन भोकं. वर आंसेरून्यच्या टेकडीवर जाऊन ते आटवलेलं तळं बघा. गोल, आणि शेतं मधोमध एकत्र आलेली, कापलेल्या केकसारखी.

चक्रधर · गुरुवार, दुपारी ३:१०

तिथे सायकल घेऊन चढा. सासूबाई सोडून बाकीच्यांनी.

नऊवारी · गुरुवार, संध्याकाळी ६:४५

हे छान जमेल. सप्टेंबर धरा, द्राक्षांची तोडणी चालू असते आणि ऊन उतरलेलं. बोट मागताना पुढच्या टोकाला थ्रस्टर असलेली मागा, बाजूला सरकवायला सोपं जातं. सासूबाईंना पायरी न उतरता बसता येईल अशी, एकाच पातळीवर बैठक आणि स्वयंपाकघर असलेली बोट मिळते. तीच घ्या.

अबोली_कोथरूड · शुक्रवार, सकाळी १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, ग्रां बिएफ, थ्रस्टरवाली बोट. पॅरिसहून बेझिएला थेट टीजीव्ही या वेगवान रेल्वेने जायचं. पाण्याचं कलम लेखी मागितलंय (रुमाली, धन्यवाद). नंदाव्यांनी "बेतानेच" शब्दाची व्याख्या करून दिली आहे.

एकच घोटाळा झालाय. काल मी सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला, चीजचा परिच्छेद गाळून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लॉकच नसलेल्या वाटेने जायचं तर मग बघायचं काय? मला ते दार उघडताना बघायचंय." लेकीने त्यांना व्हिडिओ दाखवले होते. तेव्हापासून त्या गुडघ्याला तेल लावतायत.

इंजिनरूम · शुक्रवार, सकाळी १०:११

बाईंना माझा नमस्कार सांगा. काळजी नको. ग्रां बिएफ जिथे संपतो तिथेच, बेझिएच्या वेशीवर, फोंसेरानची शिडी आहे. मुळात आठ कोठ्या, नऊ दारं, एकाला एक लागून, २१.५ मीटर उतार. पूर्वी बोटी ती पूर्ण उतरून ऑर्ब नदीत शिरायच्या, १८५८ मध्ये नदीवर कालव्याचा पूल झाल्यापासून आधीच वळतात. तुम्ही उतरायचंच नाही. वरच्या तोंडाशी बोट बांधा, बाईंना काठावर खुर्ची टाकून द्या. बोटी वेळापत्रकानुसार कधी चढतात, कधी उतरतात, ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

दुसऱ्यांची नवरा-बायको भांडताना बघायला याहून चांगली जागा फ्रान्समध्ये नाही.

पिठलंभाकरी · शुक्रवार, सकाळी १०:१४

सातवी जागा आहे का बोटीत? मी दोर धरतो. कालव्याचा अनुभव आहे.

अबोली_कोथरूड · शुक्रवार, सकाळी १०:३०

सासूबाई विचारतात, भाजणी मळता येते का?